बांबूच्या बनातला साकव: पहिल्यांदा जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कडेकडेनं गेलात की राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा आणि खाली भुदरगड, आजरा, चंदगडपर्यंत ओढ्यांच्या काठी बांबूची बेटं लागतात. त्याच ओढ्यांवर कुठं कुठं अजून साकव आहेत. साकव म्हणजे पायी माणसापुरता पूल. चार-पाच लांब वासे, वर आडव्या काठ्या किंवा बांबूच्या कामट्या, हाताला धरायला एक आडवा बांबू, आणि हे सगळं वेलानं, काथ्याच्या दोरीनं नाहीतर तारेनं बांधलेलं.

तीन वर्षांपूर्वी एक फोटो बघून मी, माझा भाऊ आणि नववीतली भाची भर ऑगस्टात असा एक साकव बघायला गेलो. पोचलो तर ओढ्याच्या दोन्ही काठांवर नुसत्या मेढी, म्हणजे साकवाचे खांब, उभ्या आणि मधून लालभडक पाणी. इरलं घेतलेले एक मामा म्हशी घेऊन उभे होते. त्यांना विचारलं, "मामा, हितं साकव हुता न्हवं?"

"हुता की. गेला पुरात. गणपती होऊ द्यात, पाणी उतरलं की बांधतोय पुन्यांदा."

त्यानंतर पाच-सहा खेपा झाल्या. एकदा तर साकव बांधताना दिवसभर तिथंच बसून बघता आलं. पहिल्या खेपेला जे कुणी सांगायला हवं होतं, ते सगळं खाली लिहिलं आहे. मी जाते त्या वाडीचं नाव मात्र देत नाही. तिथं पंधरा-वीस घरं आहेत, आणि एका रविवारी चाळीस माणसं साकवावर उभी राहिली तर सोमवारी शाळेला जाणाऱ्या पोरांना तो उरायचा नाही. तुमचा साकव तुम्हाला शोधता येईल, तो कसा शोधायचा तेही लिहिते.

१. आधी ठरवा: अभयारण्याच्या आतला की वाडीच्या वाटेवरचा

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. नकाशावर दोन्हीकडं हिरवंच दिसतं, पण नियम अगदी वेगळे.

दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं. राज्यातलं ते पहिलं अभयारण्य. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याचं नाव आहे. इथं पायी मनाला येईल तिथं शिरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय आत जाणं हा गुन्हा आहे. ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळेत, वाटाड्या बरोबर घेऊन जायचं. त्या वाटेवर जो साकव लागेल तोच तुमचा.

वाडीच्या वाटेवरचा साकव वेगळा. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला शेत, देवराई किंवा धनगरवाडा, मधे ओढा. इथं तिकीट नसतं, पण ती वाट लोकांची असते, आणि पलीकडचं रान बहुतेक ठिकाणी वनखात्याचं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुलाबाळांसह जायचं असेल तर मी हाच पर्याय सुचवेन. वाडीतली माणसं भेटतात, साकवाची गोष्ट कळते आणि कुणीतरी हात धरून पलीकडं नेतं.

आता बऱ्याच ओढ्यांवर सरकारी निधीतून लोखंडी किंवा सिमेंटचे साकव झाले आहेत. लोकांच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं, बाळंतिणीला झोळीतून ओढ्यापार नेण्याची वेळ टळली. तुम्हाला बांबूचाच बघायचा असेल तर फोनवर आधी विचारून घ्या, नाहीतर ऐंशी किलोमीटर जाऊन लोखंडी कठडा बघून परत याल.

२. महिना नीट निवडा

माझी पहिली चूक हीच होती, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते.

साकव बांधतात ते मुख्यतः पावसाळ्यासाठी. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, माणसं दगडावरून चालत जातात. मेअखेरीला, मृगाच्या आधी, वाडीतली माणसं मिळून साकव उभा करतात. चांगला उंचावर बांधला तर वर्ष काढतो. जुलै-ऑगस्टात ओढा फुगला आणि वरून एखादं झाड वाहत आलं तर मधला भाग जातो. मग पाणी उतरल्यावर दुरुस्ती होते, तोवर वाडी पलीकडं अडकलेली असते किंवा लांबच्या वाटेनं फिरते.

जून ते सप्टेंबर अजिबात जाऊ नका. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट. रंकाळ्यावर ऊन असतं आणि घाटमाथ्यावर तेव्हा ढगफुटीसारखा पाऊस चाललेला असतो. अभयारण्यही पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा खरा काळ. दुरुस्ती झालेली असते, बांबू हिरवागार असतो आणि ओढ्याला पाणी असतं. हे पाणी येतं कुठून, तर वरच्या सड्यावरून. जांभ्या दगडाचे हे सपाट माथे पावसाळ्यात पाणी मुरवून ठेवतात आणि पुढं कितीतरी आठवडे झिरपून खाली सोडतात. म्हणून पाऊस थांबून महिना झाला तरी घाटमाथ्याचा ओढा खळाळत असतो, आणि तेव्हा त्याचा तळ दिसतो इतकं पाणी नितळ असतं.

जानेवारी-फेब्रुवारीत पाणी कमी, पण पक्षी बघायला बरं. मार्चनंतर साकव वाळून ठिसूळ झालेला असतो. तेव्हा त्याच्यावर चढूच नका, शेजारून ओढ्यातूनच चालत जा. गावकरीही तेच करतात.

वार शक्यतो रविवार सोडून धरा. आणि अभयारण्यात जाणार असाल तर आठवड्यातला बंदचा वार कोणता हे निघण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा, तो जुन्या माहितीवर धरून चालू नका.

३. परवानगी आणि कागद

अभयारण्यासाठी प्रवेशद्वारावरच नोंद आणि शुल्क होतं. बरोबर ठेवा:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, आधार किंवा मतदान कार्ड, मूळ आणि एक झेरॉक्स
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स
- सगळ्यांची नावं, वयं आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहिलेला कागद, दोन प्रती
- रोख पैसे, सुटे

रोख पैशांवर मुद्दाम जोर देते. राधानगरीच्या पुढं नेटवर्क कुठं लागेल याचा भरवसा नाही, आणि फोनवरून पैसे पाठवायला गेलात की नुसतं चक्र फिरत बसतं. आमच्या दुसऱ्या खेपेला एका ठिकाणी असंच झालं. प्रवेश आणि वाटाड्याचे मिळून पैसे रोख नव्हते, म्हणून राधानगरीला परत येऊन एटीएम गाठावं लागलं आणि सकाळचे दोन तास गेले.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि त्याच्या आवाजानं गवे बिथरतात.

वाडीच्या साकवासाठी कागद लागत नाही, पण आदल्या आठवड्यात फोन लागतो. तो कुणाला करायचा? त्या गावची ग्रामपंचायत, आशाताई, प्राथमिक शाळेचे गुरुजी किंवा एसटीच्या फाट्यावरचा चहावाला. मला शाळेच्या गुरुजींकडून सगळ्यात नेमकी माहिती मिळाली, कारण त्यांची पोरं रोज त्या साकवावरून येतात. दोनच प्रश्न विचारा: साकव सध्या वापरात आहे का, आणि आम्ही आलो तर वाडीची हरकत नाही ना.

४. बरोबर काय घ्यायचं

- खाचांच्या रबरी तळाचे बूट. गुळगुळीत तळाची चप्पल ओल्या बांबूवर साबणासारखी सरकते.
- पूर्ण पँट, लांब मोजे, पूर्ण बाह्या. पँट मोज्यात खोचायची.
- खांद्याइतकी काठी. कोल्हापुरात बुरूड गल्लीत चांगली मिळते. जंगलात जाऊन तोडायची नाही.
- दोन लिटर पाणी, घरून बांधलेली भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. भडंगाचं पाकीट नको, त्याचा कागद वाऱ्यानं उडून ओढ्यात जातो. डब्यात भरून घ्या.
- टॉर्च, शिट्टी, चिमटा, कापूस, मलम, चिकटपट्टी.
- कचऱ्यासाठी एक पिशवी.
- काथ्याची दोरी, एक वेटोळं. ही कशाला ते शेवटी सांगते.

अत्तर, उग्र वासाचा पावडर-स्प्रे टाळा. कपडे मातकट, हिरवे. लाल-पिवळा रंग फोटोत छान दिसतो, पण शेकरू बघायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

५. निघणं

पहाटे साडेपाचला निघा. हळदी, परिते, राधानगरी ही सरळ वाट, राधानगरी साधारण पन्नास किलोमीटर आणि दाजीपूर ऐंशीच्या घरात. एसटीनं जायचं तर फोंडा घाटातून कणकवली-मालवणकडं जाणाऱ्या गाड्या राधानगरी आणि दाजीपूरवरून जातात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या.

पेट्रोल राधानगरीतच भरा.

नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसताना चाललेले असतात. धुकं असेल तर वेग अगदी कमी ठेवा. या सगळ्या फेरीत जंगलापेक्षा मला जास्त भीती वाटते ती या पट्ट्याची.

राधानगरीला थांबलात तर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे बघता येतील, पण ते परतताना. सकाळचा वेळ साकवासाठी ठेवा.

६. वाडीत पोचल्यावर

गाडी पहिल्या घराच्या अलीकडं लावा, खळं किंवा बैलगाडीची वाट अडवू नका. मग आधी माणसं, नंतर साकव.

"रामराम मामा, आम्ही कोल्हापूरहून आलोय, साकव बघायला. गुरुजींना फोन केलता." एवढं पुरतं. पुढचा प्रश्न बहुतेक "कुणाकडचं पाव्हणं?" असा येतो. तुमचं गाव, आडनाव, आजोळ सांगा. यात कुणी तुमची चौकशी करत नाही, ओळखीचा धागा शोधतात. दुसऱ्या वाक्याला चहा येतो. तो नाकारू नका.

बरोबर येणारा माणूस मिळाला तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, हे लक्षात ठेवून पैसे आधी बोलून घ्या आणि निघताना न विसरता द्या. पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटत सुटू नका. दुसऱ्या खेपेला पोरं गाडीमागं धावत येतात आणि ते आई-बापांना आवडत नाही. वह्या-पेन्सिली द्यायच्याच असतील तर शाळेत द्या.

घरांचे, बायकांचे, अंघोळीच्या आडोशाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ओढ्यावर बायका धुणं धूत असतात, साकवावरून कॅमेरा रोखला की त्यांनी कुठं जायचं? आम्ही गेलो तेव्हा एक आक्का हसून म्हणाल्या, "आधी आमचं उरकू द्यात, मग या." अर्धा तास थांबलो. त्या वेळात त्यांनीच सांगितलं की त्यांचं लग्नाचं वऱ्हाड याच साकवावरून एकेक करून आलं होतं.

बायकांसाठी एक सूचना: पुढं कुठंही सोय नाही. वाडीतल्या घरी किंवा शाळेत विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

७. बनातून चालताना

वाडी ते साकव ही वाट छोटी असते, पण तीच सगळ्यात सुंदर. बांबूच्या बनात उजेड वेगळाच पडतो, हिरवट आणि हलणारा. वारा नसला तरी वर काठ्या एकमेकींवर घासून दार करकरल्यासारखा आवाज येत राहतो. माझी भाची पहिल्यांदा घाबरली होती.

इथं मुख्यतः दोन तऱ्हांचा बांबू दिसेल. एक काटेरी, जाड आणि पोकळ, तो कळक. त्याच्या खालच्या फांद्यांची जाळी होते आणि वाकडे काटे कपड्यात असे अडकतात की ओढलं की फाटतं. अडकलात तर ओढू नका, एक पाऊल मागं या, काटा आपोआप सुटतो. दुसरा बारीक आणि भरीव, ज्याच्या लाठ्या होतात. त्याला कुणी मेस म्हणतं, कुणी चिवा, नाव गावागणिक बदलतं.

बांबू हे गवत आहे. कोंब जमिनीतून येतो तो त्याच्या पुऱ्या जाडीचाच, आणि एका पावसाळ्यात उंची गाठतो. पुढची तीन-चार वर्षं तो फक्त पिकतो, घट्ट होतो. साकवाला असा पिकलेला बांबूच लागतो, कोवळा वापरला तर वाळताना चिरतो. कितीतरी वर्षं बेट नुसतंच वाढत राहतं, मग एकदा फुलतं आणि बी धरून मरून जातं. एखाद्या ठिकाणी सगळं बेट पिवळं, वाळकं आणि टोकाला झुबके लागलेलं दिसलं तर कुणी जाळलं असं समजू नका, ते फुलून गेलेलं असतं.

कोंबाची, म्हणजे वास्त्याची, भाजी आपल्याकडं आवडीनं खातात. पण वनखात्याच्या हद्दीतला कोंब मोडू नका. २०१७ साली कायदा बदलून बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून काढलं, ते जंगलाबाहेरच्या, शेतात-बांधावर लावलेल्या बांबूसाठी. रानातला बांबू आजही वनोपज आहे. शिवाय कोंब हा गव्याचा आवडता घास.

आता धोके, महत्त्वाच्या क्रमानं.

चापडा. हा हिरवा साप बांबूच्या पानात मिसळून जातो, हाताच्या उंचीला फांदीवर तासन् तास न हलता बसतो आणि पळत नाही. म्हणून चालताना आधाराला बांबू धरायची सवय सोडा, काठीवरच भर द्या. आपल्याकडं मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे, चापड्यासाठी तिचा भरवसा नाही. चावा बहुधा जिवावर बेतत नाही, पण सूज आणि वेदना फार असतात. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, हात किंवा पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि दवाखान्याकडं निघा.

गवा. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो, मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो. कळप दिसला तर थांबा, बोलणं बंद करा, हळूहळू मागं सरका. वाट त्यांची आहे असं धरून त्यांना जाऊ द्या. कळपापेक्षा एकटा नर जास्त जपून. सेल्फीसाठी पाठ फिरवू नका.

अस्वल. पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतं, त्यामुळं बनातून उन्हं वर आल्यावर जा, आणि वळणावर हलक्या आवाजात बोलत चाला म्हणजे त्याला चाहूल लागते. आजरा-चंदगडच्या बाजूला जाणार असाल तर हत्तींची चौकशी आधी करा. कर्नाटकातून आलेले हत्ती तिथं वावरतात आणि बांबू त्यांचं खाणं आहे. ज्या आठवड्यात त्या शिवारात हत्ती असेल त्या आठवड्यात बेत रद्द करा. वन्यप्राण्याची अडचण आली तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.

जळवा नोव्हेंबरमध्ये कमी होतात, तरी सावलीत एखादी असतेच. ओढून काढू नका, नखानं कडेनं सरकवा आणि कापूस दाबून धरा.

८. साकवावर चढण्याआधी तपासा

हा टप्पा लोक गाळतात. बघितला साकव की चढले. पाच मिनिटं द्या.

काठावरच्या मेढी हलवून बघा. मेढ म्हणजे वर दुबेळकं, दोन फाटे, असलेला खांब, साकवाचे वासे त्यातच बसवलेले असतात. मेढीच्या बुंध्याची माती पाण्यानं उकरलेली दिसली तर वर कितीही चांगलं असलं तरी चढू नका. साकव बांधताना मी पाहिलं, अर्धा दिवस या मेढी रोवण्यात आणि त्यांच्या बुंध्याला दगड ठोकण्यातच गेला. बाकीचं बांधकाम दुपारनंतर भराभर झालं.

मग काठीनं वाशावर ठोका. पक्का बांबू खणखणतो, कुजलेला भद् वाजतो. खाली पिठासारखी पांढरी पूड पडलेली असेल तर भुंग्यानं आतून पोखरला आहे. भुंगा बांबूतल्या पिठूळपणावर जगतो. म्हणूनच जुनी माणसं हिवाळ्यात, अंधाऱ्या पक्षात बांबू तोडतात आणि काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात.

नंतर गाठी बघा. वेलाची गाठ ओली असताना घट्ट असते आणि वाळली की सैलावते. तारेची गाठ गंजते आणि बांबूत रुतून तो कापते. दोरीची गाठ दिसायला साधी, पण मामा म्हणाले, "दोरी बोलती. ढिली झाली की करकरती, आपुन वळखायचं."

सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे गावातलं माणूस पुढं जाऊ देणं. ते जिथं पाय ठेवतात तिथंच ठेवायचा.

९. पार होताना

एका वेळी एकच माणूस. आमच्या तिसऱ्या खेपेला भाऊ मधे असताना मागून दुसऱ्या गटातली दोन पोरं चढली, एक कामटी मोडली आणि त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. खरचटण्यावर निभावलं. कामटी मात्र मोडली ती मोडलीच, आणि ती बसवायला वाडीतल्या माणसाचा वेळ गेला.

पाठीवरच्या पिशवीचा छातीवरचा पट्टा सोडून ठेवा, पाण्यात पडलात तर पिशवी टाकता आली पाहिजे. फोन खिशात, चेन लावून. दोन्ही हात मोकळे.

पाऊल आडवं टाका, जिथं कामट्यांखाली वासा आहे तिथं. बांबूच्या दोन पेरांमधल्या भागापेक्षा गाठीवर पाय ठेवला तर तो दबत नाही. हाताचा बांबू तोल सांभाळण्यासाठी असतो, त्याच्यावर अंग टाकू नका. खालच्या पाण्याकडं टक लावली की साकवच वाहतोय असं वाटून चक्कर येते, म्हणून पलीकडच्या मेढीवर नजर ठेवा. मधे हलायला लागला तर थांबा, गुडघे किंचित वाकवा, हेलकावा शमू द्या, मग पुढचं पाऊल. पोरांना हातात हात देऊन बरोबर चालवू नका, त्यानं वजन एका जागी येतं. पुढं मोठा माणूस पार होऊन उभा राहू दे, मग पोर, मग दुसरा मोठा.

पाणी कामट्यांना टेकलं असेल तर जायचंच नाही. आणि पलीकडं गेल्यावर ओढ्याचा रंग बदलून गढूळ व्हायला लागला, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या तर वर कुठंतरी पाऊस झाला आहे. लगेच अलीकडं या, फोटो राहिले तर राहू द्यात.

पलीकडच्या काठावर मात्र बसा. एखादा दगड बघून अर्धा तास गप्प बसलात की बनाचा आवाज परत सुरू होतो. आम्हाला तिथं शेकरू दिसली, साकवाच्या वरून एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारून गेली. आपल्या राज्याचा हा प्राणी मी तोवर फक्त पाठ्यपुस्तकात पाहिला होता.

१०. परतताना आणि घरी आल्यावर

दुपारी चारच्या आत गाडीला लागा. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात आणि घाटमाथ्यावर धुकं उतरतं.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग नीट तपासा, काखा, जांघा, कानामागं, केसांत. गोचीड लागलेली असेल तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ उपसून काढा, चिरडू नका. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले होते आणि तो गोचिडीतूनच येतो. जंगलातून आल्यावर आठवडा-पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठं गेलो होतो ते आवर्जून सांगा. डॉक्टर ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

आता दोरीचं. साकव बघायचे पैसे वाडीत कुणी मागत नाही आणि दिले तर अवघडतात. पण दर वर्षी बांधायला दोरी लागते आणि ती विकत आणावी लागते. मी दुसऱ्या खेपेला मामांना विचारलं, "काय आणू पुढच्या खेपेला?" ते जरा विचार करून म्हणाले, "दोरी आणा, काथ्याची. नायलॉनची नगं, ती बांबूवर सरकती." लक्ष्मीपुरीत मिळते, घेताना पीळ घट्ट आहे का ते बोटांनी उलगडून बघा. मेअखेरीच्या आत पोचवलीत तर त्याच वर्षीच्या साकवाला लागते.